अंगमेहनत आधी की कसब? जिम्नॅस्टिक्सच्या आखाड्यातील दोनशे वर्षांचा वाद

१/
३ जुलै १९८०, मिन्स्क. मॉस्को ऑलिंपिकला सोळा दिवस उरले होते. सोव्हिएत संघाच्या सराव शिबिरात वीस वर्षांची येलेना मुखिना एका उडीसाठी धावली. कौशल्यात ती जगज्जेती होती. परंतु आदल्या वर्षी मोडलेल्या पायात त्या उडीला लागणारे बळ अद्याप परतले नव्हते. ती हनुवटीवर आदळली, मानेचा मणका मोडला, आणि मानेखालचे शरीर कायमचे निश्चेष्ट झाले.

२/
या अपघाताच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. लहान मुलाला कसरत शिकवताना आधी शरीर घडवावे की आधी कौशल्य शिकवावे? आपल्या व्यायामशाळांच्या भाषेत सांगायचे तर अंगमेहनत आधी की कसब? बर्लिन, स्टॉकहोम, पुणे, मॉस्को आणि आगरतळा या पाच नगरांतून जाणारा हा वाद आहे. त्याची ही कथा. #इतिहास #थ्रेड

३/
प्रथम दोन्ही शब्दांचा अर्थ निश्चित करू. अंगमेहनत म्हणजे बळ, लवचीकता, दम आणि आघात सोसण्याची सांध्यांची तयारी. कसब म्हणजे ती शक्ती योग्य क्षणी, योग्य दिशेने, योग्य प्रमाणात वापरण्याची कला. कोलांटी मारणाऱ्या मुलीला उसळीपुरते पायांचे बळ लागते. पण हवेत असताना जमीन कोठे आहे हे कळणे, हे बळाचे काम नव्हे.

४/
कथेचा आरंभ जर्मनीतील श्नेपफेन्टाल या छोट्या गावात होतो. तेथील शाळेत योहान गुट्समुट्स नावाचे शिक्षक मुलांना धावणे, उड्या, चढणे आणि तोल सांभाळणे शिकवीत. १७९३मध्ये त्यांनी युवकांच्या व्यायामावर ग्रंथ लिहिला. शालेय अभ्यासक्रमात शरीराला पद्धतशीर स्थान देणाऱ्या आधुनिक युरोपातील आरंभीच्या ग्रंथांपैकी तो एक होय. बळ आणि खेळ यांची फारकत त्यांच्या अंगणात झालेली नव्हती.

५/
१८०६मध्ये नेपोलियनने प्रशियाचा दारुण पराभव केला. त्या अपमानातून फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने १८११ साली बर्लिनच्या सीमेवरील हाझेनहायडे येथे उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. उद्देश उघड होता : फ्रेंचांशी लढू शकेल अशी पिढी घडवणे. तेथे शिड्या होत्या, चढायचे खांब होते, लाकडी घोडा होता. लवकरच सिंगल बार आणि डबल बारही आले.

६/
डबल बारचा जन्म मोठा उद्बोधक आहे. लाकडी घोड्यावर हातांच्या आधाराने झोके घेताना पोरांचे दंड आणि खांदे अपुरे पडत. ते बळ यावे म्हणून यानने दोन समांतर दांडे उभारले. म्हणजे डबल बार मुळात अंगमेहनतीचे साधन होते. परंतु मुलांच्या हाती एखादे साधन द्यावे आणि त्यांनी त्यावर खेळू नये, असे कोठे घडते? काही वर्षांतच त्या दांड्यांवर शेकडो नव्या करामती जन्मल्या.

७/
१८१६मध्ये यान आणि त्यांचे सहकारी एर्न्स्ट आयझेलेन यांनी या साऱ्या कसरती ग्रंथबद्ध केल्या. पण राजसत्तेला या मैदानांवर जमणाऱ्या, राष्ट्राच्या आणि स्वातंत्र्याच्या गोष्टी करणाऱ्या तरुणांचे भय वाटू लागले. १८१९मध्ये यानला अटक झाली. १८२०पासून १८४२पर्यंत प्रशियात सार्वजनिक कसरतीवर बंदी होती. यानचा राष्ट्रवाद परकीयद्वेषाने डागाळलेला होता, हेही येथे नोंदवायला हवे.

८/
त्याच काळात स्वीडनमध्ये वेगळाच विचार आकाराला येत होता. पेअर हेनरिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे राजाश्रयाने व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. त्यांची श्रद्धा शरीररचनाशास्त्रावर होती. प्रत्येक हालचालीचा शरीराच्या ठरावीक भागावर ठरावीक परिणाम व्हावा, ती आज्ञेबरहुकूम व्हावी, आणि निव्वळ करामतीला तेथे थारा नसावा. आजच्या व्यायामशाळांतील भिंतीवरच्या आडव्या दांड्यांची शिडी याच परंपरेची देणगी आहे.

९/
आता दोन टोके स्पष्ट झाली. जर्मन मैदानावर कसब पुढे होते आणि शरीर त्यामागून घडत जाई. स्वीडिश सभागृहात शरीर आधी, आणि कसब बहुतांशी अनावश्यक. पहिल्या पद्धतीत आनंद होता, पण जोखीमही होती. दुसरीत सुरक्षितता होती, पण रांगेत उभ्या असलेल्या मुलाला त्यात रस का वाटावा, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

१०/
ठिणगी बर्लिनमध्येच पडली. १८५१मध्ये प्रशियाने व्यायामशिक्षक घडवणारी मध्यवर्ती संस्था उघडली. तिचे प्रमुख हुगो रोटश्टाइन हे लष्करी अधिकारी आणि लिंग यांच्या पद्धतीचे कट्टर अनुयायी. डबल बारवरच्या कसरती खांद्यांवर व छातीवर अनैसर्गिक ताण आणतात, असा त्यांचा दावा होता. त्यांनी डबल बार अभ्यासक्रमातून हद्दपार केले. यानच्या शहरात यानच्या साधनावर आलेली ही बंदी !

११/
१८६०च्या सुमारास वाद भडकला. जर्मन इतिहासात तो ‘बारचा वाद’ म्हणूनच ओळखला जातो. व्यायामशिक्षक, लष्करी अधिकारी आणि डॉक्टर एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दोन दांड्यांसाठी इतका गदारोळ कशाला, असे आज वाटेल. परंतु प्रश्न दांड्यांचा नव्हता. शिक्षणाने मुलाच्या शरीराकडे स्नायूंचा साठा म्हणून पाहावे की शिकणारा जीव म्हणून, असा तो प्रश्न होता.

१२/
या वादात एक बलाढ्य आवाज उतरला : एमिल द्यु ब्वा-रेमाँ. नसांमधून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा अभ्यास करणारे ते त्या काळातील अग्रगण्य शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. १८६२मध्ये त्यांनी डबल बारच्या बाजूने लेखणी उचलली. प्रशियाच्या वैद्यकीय तज्ज्ञमंडळानेही बारला निर्दोष ठरवले. रोटश्टाइन यांचा पराभव झाला आणि दांडे परत आले.

१३/
त्यांच्या विचाराचा पूर्ण विस्तार १८८१च्या एका व्याख्यानात दिसतो. विषय होता ‘सराव’. त्यांचा मुद्दा असा : एखाद्याला हर्क्युलिससारखे स्नायू मिळाले, तरी मज्जासंस्थेला ते एकसूत्रात वापरता आले नाहीत, तर तो धड उभाही राहू शकणार नाही, मग चालणे दूरच. म्हणून व्यायाम हा केवळ मांसपेशींचा नसतो. तो मोठ्या अंशी मेंदूचा आणि मज्जारज्जूचा सराव असतो.

१४/
या विचाराचा प्रशिक्षकासाठी अर्थ फार मोठा आहे. स्नायू थकले की काही वेळाने ताजे होतात आणि अधिक बळकट होतात. मज्जासंस्था मात्र जे वारंवार घडते तेच शिकते. थकलेल्या मुलाने वीस वेळा चुकीची कोलांटी मारली, तर तो चुकीची कोलांटीच पक्की करतो. म्हणूनच आजही चांगल्या सराव वर्गात अंग गरम झाल्यावर, मूल ताजेतवाने असताना, नवे कौशल्य शिकवतात. कस काढणारी अंगमेहनत शेवटी येते.

१५/
आता दृष्टी पुण्याकडे वळवू, कारण त्याच शतकाच्या आरंभी तेथेही असेच एक साधन रूप बदलत होते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या सरावात खांबाचा उल्लेख येतो. खांब हा पैलवानाचा मुका जोडीदार. त्याला मिठी मारावी, पकड बसवावी, मांड्या आणि दंड घट्ट करावेत. अर्थात, तोही मुळात अंगमेहनतीचेच साधन.

१६/
परंपरा सांगते की दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी या खांबाला नवे जीवन दिले. निजामाच्या मुलखातील मल्लांच्या आव्हानाची आणि सप्तशृंगीच्या डोंगरावर वानरांच्या हालचाली पाहून सुचलेल्या युक्तीची कथा प्रसिद्ध आहे. कथेतील दैवी भाग बाजूला ठेवला, तरी एवढे निश्चित की आजचा मल्लखांब त्यांच्यापासून आपली परंपरा मोजतो. १८१८नंतर बाजीरावासोबत ही विद्या ब्रह्मावर्तास गेली.

१७/
बर्लिनचा डबल बार आणि पुण्याचा खांब यांचे साम्य विलक्षण आहे. दोन्ही बळासाठी उभारले गेले आणि दोन्हींवर कसब फुलले. परंतु मल्लखांबात एक गोष्ट अधिक ठळक राहिली : तेथे अंगमेहनत आणि कसब यांची वेगळी दालनेच नव्हती. एरंडेल लावलेल्या खांबावर पकड टिकवणे हीच मेहनत, आणि ती पकड सोडून दुसरी धरणे हेच कसब.

१८/
त्याची क्रमवारी पाहावी. आधी नुसती पकड आणि सलामी. मग साधी अढी, पुढे तेढी, बगली, दसरंग. त्यानंतर फरारे, सुईदोरा, वेल आणि उड्या. दसरंगात मूल हातांनी खांब धरून शरीर उलटे नेते आणि पायांची मिठी वर बसवते. शेकडो दसरंगांनी पोट, पाठ आणि पकड अशी तयार होते की पुढच्या उडीचे बळ वेगळे कमवावे लागत नाही. शिकण्यातच मेहनत मुरलेली असते.

१९/
ही परंपरा पुढे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकराव यांनी, तर अमरावतीत १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जोपासली. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघाला. १९३६च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीचे पथक बर्लिनला गेले आणि यानच्या शहराने मल्लखांब पाहिला.

२०/
तोवर युरोपात या वादाला नवे शास्त्र मिळाले होते, तेही कारखान्यातून. १९२०च्या दशकात मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेत निकोलाय बेर्नश्टाइन हे शास्त्रज्ञ हातोड्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली छायाचित्रांवर टिपत होते. त्यांना दिसले ते चकित करणारे होते. हातोड्याचे टोक दरवेळी जवळपास त्याच ठिकाणी पडे. पण खांदा, कोपर आणि मनगट मात्र दरवेळी थोडे निराळे हलत.

२१/
म्हणजे कुशल शरीर एकच हालचाल घोकत नाही. एकच प्रश्न ते दरवेळी नव्याने सोडवते. पुनरुक्तीविना पुनरावृत्ती, अशा आशयाची संज्ञा बेर्नश्टाइन यांनी त्यासाठी वापरली. १९४७चा त्यांचा ग्रंथ हालचालींच्या शास्त्राचा पाया ठरला. १९४८मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले आणि अवघ्या काही वर्षांत पावलॉव्हच्या सिद्धान्ताला विरोध केल्याच्या आरोपाखाली त्यांना बाजूला सारले गेले.

२२/
ज्या देशाने हे ज्ञान दिले, तोच देश १९५२पासून ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्सवर राज्य करू लागला. त्या आरंभीच्या विजेत्या प्रौढ स्त्रिया होत्या. लारिसा लातिनिनाने १९५६ ते १९६४ या काळात ९ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. १९५८ची जागतिक स्पर्धा तर तिने गरोदर असताना जिंकली. तिच्या खेळात नृत्याचा डौल होता. बळ आणि कसब यांना एकत्र पिकायला तेव्हा पुरेशी वर्षे मिळत होती.

२३/
मग काळ पालटला. १९७२मध्ये म्युनिकला सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुतने उंच-सखल दांड्यांवर मागे झेप घेतली आणि प्रेक्षक अवाक् झाले. १९७६मध्ये माँट्रियलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला १० पैकी १० गुण मिळाले. गुणफलकावर एवढी जागाच नव्हती; त्यावर १.०० असा आकडा उमटला. जगभरच्या प्रशिक्षकांनी त्यातून एक धडा घेतला : मुलगी जितकी लहान, तितकी करामत मोठी.

२४/
या धड्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. उंची दुप्पट झाली, तर स्नायूचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणून लहान शरीराला स्वतःचे वजन पेलणे सोपे जाते आणि हवेत गरगर फिरणेही सोपे जाते. दहा वर्षांच्या मुलीला कठीण कसरत झटपट जमते ती यामुळे. धोका असा की ‘जमते’ म्हणजे ‘शरीर तयार आहे’, असा समज होतो.

२५/
कारण वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. हाड तेथूनच लांबते आणि ती जागा तयार हाडापेक्षा नाजूक असते. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांना पायांचे काम करावे लागते. म्हणून मनगटाजवळची ही पट्टी वारंवार दुखावते. त्यात उंची भराभर वाढण्याचा काळ आला, मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास, की हातपायांची लांबी बदलते आणि काल जमणारी कोलांटी आज बिघडते.

२६/
अशा वेळी शहाणा प्रशिक्षक उतरण्याचे आघात कमी करतो, मूलभूत आकार पुन्हा घोटून घेतो आणि वाट पाहतो. पण वाट पाहण्यासाठी वेळ लागतो, आणि ऑलिंपिक चार वर्षांनी एकदाच येते. वादाचे मर्म येथे उघड होते. शरीर आधी की कसब आधी, हा क्रम अनेकदा मुलाच्या अंगाकडे पाहून ठरलाच नाही; तो स्पर्धेच्या दिनदर्शिकेकडे पाहून ठरला.

२७/
आता पुन्हा मुखिनाकडे. १९७८मध्ये स्ट्रासबर्गला ती सर्वांगीण जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या कर्ट थॉमसने फ्लोअरचे सुवर्णपदक जिंकले. त्याच्या नावाने ओळखली जाणारी उडी अशी : मागे झेप, हवेत दीड गिरकी आणि पावणेदोन कोलांट्या, आणि शेवटी पायांवर न उतरता थेट पुढे लोळण. जराशी उंची कमी पडली, तर जमिनीला प्रथम डोके किंवा मान लागते.

२८/
ही पुरुषांची उडी स्त्रियांच्या कार्यक्रमात आणण्यासाठी मुखिनाची निवड झाली. १९७९च्या शरदात तिचा पाय मोडला. वर्षअखेरीच्या जागतिक स्पर्धेत ती नव्हती आणि सांघिक सुवर्ण रुमानियाने नेले. ऑलिंपिक तर मॉस्कोतच होते. हाड नीट जुळले नाही, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तरी तिला लवकर सरावाला जुंपण्यात आले. उडीची उंची ज्या पायावर अवलंबून होती, तोच पाय कच्चा होता.

२९/
आपली मान मोडेल, असे तिने प्रशिक्षकाला सांगितले होते. पण तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात, या अर्थाचे उत्तर मिळाले, असे तिने पुढे एका मुलाखतीत सांगितले. जमिनीवर पडताच पहिला विचार मनात आला तो सुटकेचा : आता ऑलिंपिकला जावे लागणार नाही. २२ डिसेंबर २००६ रोजी ती वारली. आयुष्याची सव्वीस वर्षे तिने त्या एका उडीनंतर काढली.

३०/
तिच्याकडे कसब नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. फ्लोअरवरची एक अवघड कोलांटी तिच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या अंगमेहनतीतही कसूर नव्हती. दुखऱ्या पायानेही ती दिवसभर राबत होती. चुकले ते दोहोंचे गणित. शरीराची त्या दिवसाची तयारी किती आणि त्या दिवशी मागितलेली उडी किती, हे ताडून पाहण्याचा अधिकार जिच्या शरीराचा प्रश्न होता तिलाच नव्हता.

३१/
दुसऱ्या टोकाचे उदाहरण चाळीस वर्षांनी दिसले. २७ जुलै २०२१, टोकियो. सिमोन बाइल्सच्या अंगी बळाची कमतरता मुळीच नव्हती. परंतु व्हॉल्टवर हवेत असताना तिचे दिशाभान हरपले. आपण किती फिरलो आणि जमीन कोठे आहे, हे कळेना. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. स्नायू सर्व तेच, पण त्यांना सांधणारे सूत्र काही दिवस तुटले होते. द्यु ब्वा-रेमाँ यांचा हर्क्युलिस येथे आठवावा.

३२/
बाइल्सवर टीका झाली, पण तिला थांबता आले. ३ ऑगस्टला ती बॅलन्स बीमवर परतली, गिरकीचे उतरणे टाळून सोपे उतरणे निवडले आणि कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी शरीर आणि मेंदू जेवढे देऊ शकत होते, तेवढीच कसरत तिने मागितली. १९८०च्या मिन्स्कमध्ये हा मार्ग कोणी मोकळा ठेवला नव्हता.

३३/
भारताच्या वाट्याला हा प्रश्न आगरतळ्यात आला. दीपा कर्माकरचे तळवे सपाट होते. उसळी आणि उतरणे, दोन्हींसाठी ही मोठी अडचण. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली तिने आधी पाऊल घडवण्यावर दीर्घ काळ मेहनत घेतली. मगच ती प्रोदुनोव्हा व्हॉल्टकडे वळली : हातांवरून उसळी आणि हवेत पुढच्या बाजूने दोन पूर्ण कोलांट्या. जगात मोजक्या स्त्रियांनीच ती स्पर्धेत केली आहे.

३४/
२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपाला १५.०६६ गुण मिळाले. कांस्यपदक केवळ ०.१५० गुणांनी हुकले आणि ती चौथी आली. पुढच्याच वर्षी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तरीही २०१८मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिन येथे विश्वचषक मालिकेतील सुवर्ण आणि २०२४मध्ये आशियाई सुवर्ण तिने मिळवले. एवढी दीर्घ कारकीर्द आधी घातलेल्या पायाची साक्ष देते. त्या पायालाही काय सोसावे लागले, हे गुडघा सांगतो.

३५/
मग दोनशे वर्षांच्या वादाने शिकवले काय? हातांवर उभे राहणे हे उदाहरण घ्यावे. भिंतीला पाय टेकवून मूल ते शिकते, तेव्हा खांदे, मनगटे आणि पोट बळकट होतात, आणि त्याच वेळी उलट्या जगात तोल कोठे असतो हे मेंदू शिकतो. उत्तम अंगमेहनत पुढच्या कसबाच्या आकाराची असते. दसरंग घोटणाऱ्या मल्लखांबपटूला हे वेगळे सांगावे लागत नाही.

३६/
दुसरा धडा पायऱ्यांचा. मोठी उडी तुकड्यांत शिकवतात : आधी नुसती उसळी, मग फोमच्या खड्ड्यात कोलांटी, मग जाड गादीवर, मग प्रशिक्षकाच्या हाताच्या आधाराने, आणि शेवटी एकट्याने. प्रत्येक पायरीवर शरीराला उत्तर द्यावे लागते. उत्तर नकारार्थी आले, तर त्या पायरीपुरती मेहनत वाढवावी आणि उडी थांबवावी. हीच पायरी मुखिनाच्या बाबतीत गाळली गेली.

३७/
नियमांनीही उशिरा का होईना, पावले टाकली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलींचे किमान वय १९८१मध्ये १५ आणि १९९७पासून १६ झाले. लोळणीवर संपणाऱ्या उड्या स्त्रियांसाठी वर्ज्य ठरल्या. पुरुषांसाठी मात्र ही बंदी २०१७मध्ये आली. म्हणजे मिन्स्कच्या त्या अपघातानंतर तब्बल ३७ वर्षांनी.

३८/
नियमपुस्तक एखादी उडी बाद करू शकते. आठ-दहा वर्षांच्या मुलाची ती उडी शिकण्याची वेळ आली आहे की नाही, हे मात्र ते सांगू शकत नाही. तो निर्णय आजही प्रत्येक सायंकाळी, कोणत्या ना कोणत्या व्यायामशाळेत, एका प्रशिक्षकाला घ्यावा लागतो. त्या वेळी त्याची नजर मुलाच्या पायांवर आहे की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, यावर पुढचे बरेच काही ठरते.

(थ्रेड समाप्त) #क्रीडाइतिहास #मल्लखांब #जिम्नॅस्टिक्स